दुसरी पार्टी

घर बघायला कधी एकट्याने जाऊ नये, सोबत कुणाला तरी न्यावं, असा सल्ला मला सगळ्यांनी दिला. कुणाला न्यावं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

सगळ्यांनी म्हणजे आमच्या इमारतीतल्या दोघांनी. तळमजल्यावर सर्वज्ञ राहतात. हे त्यांचं आडनाव नव्हे, पण दारावरची पाटी सोडली तर सगळीकडे त्यांना हेच म्हणतात. मी गुंतवणूक म्हणून एखादी छोटी जागा घ्यायच्या विचारात आहे, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ते माझ्या काखेतल्या जाहिरातींच्या पुरवणीवरून ओळखलं आणि मला जिन्यातच धरलं.

"एकटा माणूस बघितला की एजंटला आनंद होतो," ते म्हणाले. "सोबत तोंड वाकडं करणारं कोणीतरी पाहिजे. तुम्ही हो म्हणायचं, त्याने नको म्हणायचं. भाव तिथल्या तिथे उतरतो."

"मग या रविवारी तुम्हीच चला ना," मी म्हणालो. तोंड वाकडं करण्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नव्हतं.

"रविवारी?" असं म्हणून त्यांनी लगेच प्रात्यक्षिक दिलं. "रविवार मी घरच्यांना दिलेला असतो."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी पिशवी खाली ठेवून सविस्तर मार्गदर्शन केलं. आधी नळ सोडून बघायचे, मग खिडक्या, मग शेजारी. "मी आले असते हो भाऊजी, पण गुडघे," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, लिफ्टवालीच घरं बघू. त्यावर त्या म्हणाल्या, "लिफ्टवाली महाग असतात. ती मुळीच घेऊ नका." एवढं बोलून त्या पिशवी उचलून तिसरा मजला चढून गेल्या.

माझ्याकडे रविवार द्यायला घरचं कोणी नव्हतं. घरात मी आणि फ्रिज, आणि दोघांत फ्रिज जास्त बोलतो. लेक दुसऱ्या शहरात असते. या सगळ्याची सुरुवात तिनेच केली. फोनवर म्हणाली, "बाबा, निवृत्तीचे पैसे नुसते पडून आहेत. एखादी जागा घ्या, भाड्याने द्या. तुमचाही वेळ जाईल." तिला काळजी पैशांची होती की वेळेची, हे मी विचारलं नाही. काही प्रश्न विचारले नाहीत तर दोन्ही बाजूंना सोपं जातं.

तर एजंट. पांढरे बूट, दोन फोन आणि एका खांद्यावर कायम पडलेली मान, कारण तिथे तिसरा फोन असावा अशी तिला सवय लागली होती. त्याने मला पहिल्याच वाक्यात काका केलं.

"काका, बजेट सांगू नका. मला ते चेहऱ्यावरून कळतं."

मग त्याने मला जी घरं दाखवली, त्यावरून माझा चेहरा माझ्या ऐपतीपेक्षा बराच महाग आहे असं दिसलं. क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

पहिल्या घराचा जिना आम्ही चढत होतो, तेव्हा वरून एक गृहस्थ उतरत होते. माझ्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात मोजायची टेप. ते एजंटला म्हणाले, "हॉल पसंत आहे. घरी विचारून संध्याकाळी कळवतो." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एजंट माझ्या कानाशी लागला. "दुसरी पार्टी, काका. आजच फायनल करतील."

मी आयुष्यभर विमा कंपनीच्या दावे विभागात काम केलं. लोकांच्या संकटांची कागदपत्रं अपुरी आहेत, हे त्यांना नम्रपणे कळवणं हे माझं काम. माणूस घाई करायला लागला की संशय घ्यायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं. पण हाडांचं काय, जिना चढताना ती दुखत असतात. ते घर काळोखी होतं, न्हाणीघरातून बाजूच्या माणसाचा खोकला ऐकू येत होता, आणि तरीही ते त्या इस्त्रीवाल्याला मिळणार या विचाराने मी त्या रात्री नीट जेवलो नाही.

पुढच्या रविवारी दुसऱ्या इमारतीत तीच दुसरी पार्टी. तिसऱ्या रविवारीही. मला वाटलं, याची आणि माझी आवड सारखी दिसते. चौथ्या घरी मात्र एजंट गॅलरीत फोनवर बोलत असताना ते गृहस्थ माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे घेऊ नका. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून बघा."

आता मला सांगा, जो माणूस तुमच्याशी स्पर्धा करतोय, तो 'घेऊ नका' म्हणाल्यावर तुम्ही काय कराल? मी तेच केलं. भिंतीला हात न लावता जागच्या जागी टोकन दिलं. दुसऱ्या पार्टीने कपाळाला हात लावला. मला तो पराभूताचा कपाळाला लावलेला हात वाटला.

दोन दिवसांनी मी एजंटकडून किल्ली घेऊन पडदे मोजायला गेलो. भिंत थरथरत होती. तिच्या पलीकडे लिफ्टचं यंत्र होतं. कोणीही वर गेलं की ओट्यावर ठेवलेला माझा चष्मा हळूहळू कडेकडे चालायला लागायचा. एजंट म्हणाला, "चांगलंच आहे की, काका. लिफ्ट चालू आहे की बंद, ते घरबसल्या कळतं." व्यवहार मोडला, पण तो माझ्या हुशारीने नव्हे. घराचे मालक दोन सख्खे भाऊ होते, आणि त्यांचं शेवटचं एकमत कधी झालं ते त्यांनाही आठवत नव्हतं. एक विकायला निघाला म्हणून दुसरा अडून बसला. टोकन पुढच्या घरात वळवू, असं एजंटने सांगितलं. पुढचं घर कुठलं, ते मला चेहऱ्यावरून कळवणार होता बहुतेक.

व्यवहार मोडल्यानंतरच्या रविवारी घरं बघून झाल्यावर मी बसथांब्यावर उभा होतो. दुसरी पार्टी येऊन बाजूला उभी राहिली.

"हात लावून बघितलात का भिंतीला?" त्यांनी विचारलं.

"बघितला. उशिरा. तुम्ही मला ते का सांगितलंत, हे कळलं नाही. घर तुम्हाला हवं होतं ना?"

"मला कुठलं हवंय," ते म्हणाले. "मी दुसरी पार्टी."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच. पहिल्या पार्टीने लवकर हो म्हणावं म्हणून दुसरी लागते."

माझा चेहरा, जो इतके दिवस महाग होता, तो त्या क्षणी एकदम उतरला असावा. माझ्या तोंडून कसाबसा प्रश्न बाहेर पडला, "म्हणजे मी मूर्ख?"

"छे," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "तुम्ही पहिली पार्टी."

बस आली आणि गेली. आम्ही चढलो नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी तेही माझ्यासारखेच घर बघायला आले होते. त्यांचं चपलांचं दुकान होतं, ते विकलं होतं. घरं बघत गेले आणि घेण्याचं राहूनच गेलं. दर रविवारी न चुकता येतात, घेत मात्र काही नाहीत, हे एजंटच्या लक्षात आलं आणि त्याने त्यांना कामाला लावलं.

"पैसे देतो?"

"चहा देतो. आणि रविवारी सकाळी फोन करतो." थोडं थांबून ते म्हणाले, "फोन अगदी वेळेवर करतो."

रागवायचं ठरवून मी तोंड उघडलं होतं. पण रविवारी सकाळी वेळेवर येणाऱ्या फोनची किंमत मला माहीत होती. मी तोंड मिटलं.

त्यानंतर आमच्या गुप्त खुणा ठरल्या. एजंटसमोर ते 'हॉल मोठा आहे' म्हणाले की ते घर सोडायचं. 'खिडकी चांगली आहे' म्हणाले की बघायला हरकत नाही. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकलो. घर सकाळी बघू नये, दुपारी पाणी गेल्यावर बघावं. नवा रंग दिसला की ओल कुठे आहे हे विचारायची गरज नाही, रंग कुठे आहे एवढंच बघावं. एजंट कोणाकडून पैसे घेणार आहे, तुमच्याकडून की मालकाकडून की दोघांकडून, हे पहिल्याच दिवशी हसत हसत विचारावं. तो हसला नाही तर दोघांकडून. या सगळ्या गोष्टी सर्वज्ञांना माहीत नव्हत्या. मी त्यांना सांगितल्या तेव्हा त्यांनी आठवड्याभरात त्या मलाच परत ऐकवल्या.

या पद्धतीने मी तीन महिन्यांत घर घ्यायला हवं होतं. घेतलं नाही. कारण असं, की ज्या घराची खिडकी चांगली असायची, तिथे मला काहीतरी खुपायचं. एकदा मजला खुपला, एकदा उजेड जास्त वाटला. दुसरी पार्टीही मला आग्रह करत नव्हती. आग्रह करून घर घेतलं की पुढच्या रविवारी काय, हे आम्ही दोघांनीही मोठ्याने म्हटलं नाही.

एजंटचा धीर सुटत चालला. "काका, तुम्ही घर घेताय की प्रदर्शन बघताय?" तो म्हणाला. आणि एका दुपारी त्याने घाबऱ्या आवाजात सांगितलं, "काका, आज हो म्हणा. आज खरंच दुसरी पार्टी आहे. नवीन लग्न झालेलं जोडपं आहे."

मी आणि दुसरी पार्टी खिडकीच्या कट्ट्यावर बसलो होतो. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. एजंट शपथ घेऊन सांगत होता आणि आम्ही हसत होतो. ते जोडपं चौथ्या दिवशी त्या घरात राहायला गेलं. पूर्ण वर्षात बघितलेलं ते सगळ्यात चांगलं घर होतं.

मग मात्र मला लाज वाटली. लेक दर फोनला विचारायची, "बाबा, झालं का?" आणि मी कागदपत्रं अपुरी आहेत असं सांगायचो. पुढचं जे बरं घर मिळालं, त्याला मी हो म्हणालो. एक खोली, स्वयंपाकघर, पूर्वेला खिडकी. मालकीणबाई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. एकच मालक, आणि तीही स्वतःशी सहमत. आणखी काय पाहिजे?

पाहिजे होते दोन साक्षीदार.

नोंदणी कचेरीत खरेदीखतावर दोघांनी सही करून सांगावं लागतं, की हा माणूस तोच आहे. मला हे माहीत होतं, पण एजंट म्हणाला, "काका, ते माझ्यावर सोडा." त्याने स्वतःला एक साक्षीदार केलं आणि कचेरीबाहेरचा झेरॉक्सवाला दुसरा. एरवी हे चाललं असतं. पण त्या दिवशी खुर्चीवर अधिकारी बाई नव्या होत्या आणि खुर्चीही त्यांना नवी होती.

"यांना कधीपासून ओळखता?" त्यांनी झेरॉक्सवाल्याला विचारलं.

"लहानपणापासून," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो तिशीचा. मग माझ्याकडे बघितलं. "कोणाच्या?"

झेरॉक्सवाल्याने थोडा विचार केला आणि आपलं यंत्र चालू राहिलंय असं सांगून तो निघून गेला.

"ओळखणारा खरा माणूस आणा," बाई मला म्हणाल्या. अगदी नम्रपणे म्हणाल्या. मी आयुष्यभर याच सुरात बोलत आलो होतो. समोरून ऐकताना तो कसा लागतो हे पहिल्यांदा कळलं. "जेवणाच्या सुट्टीआधी आणा, नाहीतर नवी तारीख घ्यावी लागेल."

मी बाकावर बसून फोन काढला. सर्वज्ञ म्हणाले, सही ते कुठेही करत नाहीत, ते त्यांचं तत्त्व आहे. काकूंच्या घरी फोन कोणी उचलला नाही. विमा कंपनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा नंबर लागला. त्याच्या सुनेने सांगितलं, बाबा झोपलेत, आणि आपण कोण? मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा विचारलं आणि सांगते म्हणाली. मग मी फोनमधली नावं वरून खाली वाचत गेलो. नळवाला, गॅसवाला, दातांचे डॉक्टर, लेक. ज्याच्याकडे घर घेण्याइतके पैसे आहेत पण हा तोच आहे म्हणणारा माणूस नाही, अशा माणसाच्या दाव्याचं आमच्या विभागात काय केलं असतं, याचा मी विचार करत बसलो. परत पाठवला असता.

दुसरी पार्टी बाहेर चहाच्या टपरीवर थांबली होती. इतकी वर्षं घरं बघितली, एक तरी विकलं जाताना बघू दे, म्हणून ते माझ्याबरोबर आले होते. आत यायचं नाही, अशी एजंटने त्यांना ताकीद दिली होती, कारण मालकीणबाईंच्या घरी तेही दोनदा टेप घेऊन जाऊन आले होते. झेरॉक्सवाल्याने बाहेर जाऊन काय सांगितलं कोण जाणे. पण मी मान वर केली तेव्हा ते अधिकारी बाईंसमोर उभे होते. एजंट लांबून हाताने नको नको करत होता.

"मी ओळखतो यांना," ते म्हणाले.

"नाव? पत्ता?"

त्यांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला. वर्षभरात मी दोन्हीपैकी एकही विचारलं नव्हतं.

"किती दिवसांची ओळख?"

"रविवार ते रविवार. वर्ष झालं असेल."

"काय ओळखता?" बाईंनी विचारलं. झेरॉक्सवाल्यानंतर त्या सावध झाल्या होत्या.

"हे जिना चढताना मधे थांबतात," ते म्हणाले. "दम लागला असं म्हणत नाहीत, भिंतीचा गिलावा बघायला लागतात. कुठल्याही घरात गेले की शेजारी कोण राहतं हे विचारतात. एजंटला वाटतं, त्रास नको म्हणून विचारतात. तसं नाहीये ते. भाड्याने द्यायचं घर, पण हे आधी बघतात की दाराची बेल आतल्या खोलीत ऐकू येते का. आणि बाई, रिकाम्या घरातसुद्धा कोणी आलं तर हे सरकून बसायला जागा करतात."

मी जमिनीकडे बघत होतो. फरशीचे तुकडे चांगले बसवले नव्हते.

"पुरे," अधिकारी बाई म्हणाल्या. "इथे सही करा."

"एक मिनिट," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला. "मी चेहरा विसरत नाही. हे माझं घर घेणार होते."

एजंट आपले पांढरे बूट निरखायला लागला. दुसऱ्या पार्टीने पेन हातात तसंच धरलं. "घ्यायचं होतं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "पण यांचं आधी ठरलं."

"आणि तरी तुम्ही साक्षीला आलात?"

"यांना दुसरं कोणी मिळेना."

मालकीणबाईंनी पर्समधून रुमाल काढला. "इतक्या वर्षांत एवढा सज्जन माणूस मी बघितला नाही," त्या अधिकारी बाईंना म्हणाल्या. अधिकारी बाईंनी शिक्का मारला. माझा अंगठा यंत्राने चार वेळा नाकारला आणि पाचव्यांदा दया केली. घर माझं झालं.

सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण मालकीणबाईंनी मनावर घेतलं. ज्याचं घर गेलं त्या सज्जन माणसाला घर मिळालंच पाहिजे, म्हणून त्या रोज एजंटला फोन करायला लागल्या. त्यांनी आपल्या बहिणीला सांगितलं, बहिणीने मैत्रिणींना. ज्या ज्या बाईला घर विकायचं होतं, तिला आता तो इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ ठाऊक होता, आणि तो आला की ती चहा टाकून त्याला भाव कमी करून द्यायला निघे. पहिल्या पार्ट्या बिथरू लागल्या. एजंटने दुसऱ्या पार्टीला फोन करणं बंद केलं.

हे मला एजंटनेच सांगितलं. माझ्या घरात त्याने एक भाडेकरू बसवली होती, तिचे कागद द्यायला तो आला होता. रुग्णालयात परिचारिका आहे, शांत आहे, भाडं आपोआप खात्यात येतं, कधी तक्रार नाही. आदर्श भाडेकरू, म्हणजे जिच्याशी कधी बोलावं लागणार नाही अशी.

"आणि ते?" मी विचारलं.

"काका, ते आता ओळखीचे झाले," एजंट म्हणाला. त्यालाही वाईट वाटत असावं, कारण दोन्ही फोन वाजत होते आणि त्याने एकही उचलला नाही. "ओळखीचा माणूस आमच्या कामाचा नाही."

पुढच्या रविवारी सकाळी मी कचेरीत ऐकलेल्या पत्त्यावर गेलो. एका शिंप्याच्या दुकानामागे खोली होती. दार उघडंच होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून खुर्चीवर बसले होते. समोर स्टुलावर फोन होता. मला बघून ते उठले. जिना नसल्यामुळे मला थांबून गिलावा बघण्याचीही सोय नव्हती.

"मला आणखी एक घर बघायचंय," मी म्हणालो.

"पैसे आहेत?"

"नाहीत. बघायला कुठे लागतात?"

आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे आम्हाला कोणी ओळखत नाही अशा एजंटकडे. तो पोरगेलासा, नवा होता. त्याने वही उघडून विचारलं, "तुमच्यात घर कोणाला घ्यायचंय?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. "आणि दोघं एकमेकांचे कोण?" त्याने विचारलं. तो प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे. शेवटी त्या बिचाऱ्याने तिथे काहीतरी लिहून घेतलं, आणि आम्हाला चौथ्या मजल्यावरचं एक घर दाखवायला नेलं.

घर बरं होतं. एजंटचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत खाली गेला. आम्ही नळ सोडून बघितले, खिडक्या बघितल्या, भिंतींना हात लावून झाला. मग बघण्यासारखं काही उरलं नाही. हॉलमध्ये ऊन आलं होतं. आम्ही कट्ट्यावर बसलो होतो, आणि निघू या, असं दोघांतलं कोणीच म्हणत नव्हतं.